रोवण्याच्या आधी पाठवलेली पोरगी

माय, तू हे वाचणार नाहीस. जिवंत होती तेव्हाही वाचलं नसतं, तुला अक्षर येत नव्हतं, आणि कोणी वाचून दाखवायला बसलं की तू म्हणायची, "लवकर सांग, चुलीवर भात आहे." मला येतं तेही चौथीपर्यंतचं. नातीनं एक लिहायचं काम सांगितलं होतं, त्यासाठी तिच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून घेतली आणि तिचं काम राहिलं बाजूला, तुझ्याशीच बोलणं सुरू झालं. तर आता बोलून घेते. दुपार आहे, सून शेजारी गेली आहे, मुलगा ऑटो घेऊन स्टेशनवर आहे, आणि "म्हातारे, काय लिहून राहिली?" असं विचारायला घरात कोणी नाही.

तुझ्या ओळखीचं आता फारसं काही उरलं नाही. चिचगडकडचं घर सोडून आम्हाला बरीच वर्षं झाली. तुझा जावई गेला, मग मुलानं मला इकडं कुडव्याला आणलं. दोन खोल्या, वर पत्रा, समोर रस्ता, आणि रस्त्यावर दिवसभर मोटरसायकली. तू शेवटचा पाहिला तेव्हा हा माझा मुलगा नागडा अंगणात कोंबड्यांच्या मागं धावत होता. आता त्याच्या डोक्यावर केस नाहीत आणि त्याची पोरगी बारावी झाली. तिचंच सांगायचं आहे.

पोट्टी हुशार आहे. मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही, कौतुक केलं की पोरं डोक्यावर बसतात, हे तुझंच शिक्षण. सगळी शाळा मराठीत शिकली, मग सायकलनं गोंदियाच्या कॉलेजात गेली. तिथल्या एका सरांनी तिला कुठल्याशा मोठ्या विद्यापीठाची परीक्षा द्यायला लावली. दक्षिणेकडं आहे ते, गाडीत एक दिवस आणि एक रात्र बसावं लागतं. निवड झाली की शिकणं फुकट, राहणं फुकट, खाणं फुकट. मी म्हणलं, फुकट खायला घालणारा माणूस शेवटी काय मागतो ते आधी विचारून घे. पण निवड झाली. सुनेनं गल्लीत पेढे वाटले, ज्या बाईशी ती दोन वर्षं बोलत नव्हती तिलाही देऊन आली.

मग मुलाच्या फोनवर निरोप आला. तो मोठ्यानं वाचत होता, अडखळत, कारण अर्धं इंग्रजी होतं. सगळी पोरं कॉलेज उघडल्यावर येतील, पण काही पोरांनी दीड महिना आधीच, उन्हाळ्यातच यायचं. तिथं राहायचं, इंग्रजी आणि गणित शिकायचं, जागा पाहून घ्यायची, मग बाकीचे आले की त्यांच्यात मिसळायचं. कोणत्या पोरांनी यायचं तेही लिहिलं होतं. जी खेड्यापाड्यातली आहेत, जी आपल्या भाषेत शिकली, ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्यांनी. आणि जो उन्हाळ्यात येणार नाही त्याची फुकटची जागा दुसऱ्याला जाईल. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवा.

मी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. माझ्या तोंडून निघालं, "उन्हाळ्यात शाळेत कोण जाते? नापास पोट्टे."

आता यात मी चूक काय बोलली सांग. आपल्या गावात उन्हाळ्यात शाळेला कुलूप असायचं, आणि कुलूप निघालंच तर समजायचं की मास्तर दोन-चार ढ पोरांना घासायला बसले आहेत. इथं कुडव्यातही तसंच आहे. सुट्टीत दप्तर घेऊन निघालेलं पोरगं दिसलं की बायका विचारतात, "काय गा, कोणत्या विषयात गेला?" मला तेवढंच माहीत. पण पोट्टीचा चेहरा उतरला, तिनं बापाच्या हातातून फोन घेतला, पालथा ठेवला आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीनंही तेच सांगितलं म्हणे, की ज्यांना आधी बोलावतात त्यांच्यावर तिथं शिक्काच बसतो, हे कच्चे आहेत म्हणून. मग झालं. पोट्टी म्हणाली, मी जाईन तर सगळ्यांबरोबर जाईन, नाही तर जाणार नाही.

"गोंदियात कॉलेजं काय कमी आहेत?" मुलगा म्हणाला. त्याला आतून बरंच वाटलं असावं, एकुलती पोरगी आहे. सून कुरडयांचा चीक घोटत राहिली आणि नाक ओढत राहिली. मी एक टोमणाही मारला नाही. माझ्यासाठी ते नवलच होतं.

कारण मला तू आठवून राहिली होती. बरी आठवण नव्हती ती.

तुला आठवतं का ते मला माहीत नाही, तू गेलेल्या माणसांचा आणि गेलेल्या दिवसांचा विषय कधी काढत नव्हती. माझं लग्न झालं माघात. आपल्याकडची रीत अशी, की नवरी चार दिवस सासरी राहून यायची आणि मग माहेरीच असायची, थेट मृगाचा पाऊस पडेपर्यंत. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आला की सासरचे न्यायला येत, कारण तेव्हा त्यांना कामाला हात लागत. माझ्याबरोबर लग्न झालेल्या सगळ्या पोरी अशाच गेल्या. बांधीत चिखल झाला, धानाचे पऱ्हे उपटायला आले, आणि एकेकीच्या दारात सासरची बैलबंडी उभी राहिली. तोवर आंबे, झोके, नदीवर कपडे धुवायला जायचं आणि दुपारभर यायचंच नाही, असला तो उन्हाळा होता. मला तो मिळाला नाही. वैशाख लागला तशी एका पहाटे तू मला उठवलं आणि म्हणाली, "आंग धू. सासरी जाचं आहे."

मी म्हणलं, "कोणी न्यायला आलं?"

"कोणी नाही आलं. मी नेऊन देतो."

आपण जंगलातल्या वाटेनं चाललो. माझी पत्र्याची पेटी तुझ्या डोक्यावर, माझ्या डोक्यावर वाळल्या मोहफुलांचं गाठोडं, सासूला द्यायला. तेवढंच होतं घरात द्यायला. वाटेत बिडीसाठी तेंदूची पानं तोडणाऱ्या बाया भेटल्या, आपल्याच गावच्या. एक म्हणाली, "काऊन वं, पोरगी जड झाली का?" तू चालत राहिली. मी रडायला लागली, आणि तू मागं न पाहता म्हणाली, "रडाचं असन तं चालता चालता रड. ऊन चढून राहिलं." माय, इतक्या वर्षांत मी पुष्कळ जणांना पुष्कळ टोचून बोलली, पण इतकं मोजकं मला कधी जमलं नाही.

सासू दारापुढच्या सपरीत चिंचा घेऊन बसली होती. आपल्याला पाहून उठली. "काही वाईट झालं का विहीणबाई? आम्ही तं रोवण्याले न्याले येणार होतो." तू पेटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आणली. ठेवून घ्या." उसनी नेलेली कढई परत करतात तसं. सासूनं जेवायला थांब म्हणलं, तर लेकीच्या घरचं अन्न तू खाणार नव्हती. पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि त्याच उन्हात परत फिरली. मी कुडाच्या आडून पाहत होती. तू वळेल असं वाटलं होतं. तुझी पाठ पळसाच्या झाडांत गेली आणि मग नुसती झाडं राहिली.

का पाठवलं ते तू सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायला काय होतं? त्या साली आपली धानाची ढोली चैत्रातच रिकामी झाली होती, तू तिच्यात उतरून कोपऱ्यातलं झाडून काढलेलं मी पाहिलं होतं. घरात धाकटे भाऊ दोन. खाणारं एक तोंड कमी झालं तर उन्हाळा निघतो. हे हिशेब लहान पोरीलाही कळतात. मी ते मनात पक्कं करून ठेवलं आणि त्याच्यावर आयुष्य काढलं. दुसरं काही कारण असेल असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही.

शुक्रवार आला. शनिवारी कळवायचं होतं. दुपारी पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. मी चिंच फोडायला काढली होती, आणि पोट्टी येऊन समोर बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. चिंच ती फोडते वाईट, अर्धा गर चिंचोक्यालाच ठेवते, पण मी त्या दिवशी टोकलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, तुले बी सगळ्यांच्या आधीच पाठवलं होतं ना वं सासरी? बाबा सांगे."

"तुझ्या बापाच्या तोंडाले झाकण नाही."

"कायले पाठवलं होतं तुझ्या मायनं?"

आता ऐक. माझ्याकडं उत्तर तयार होतं. खरं उत्तर, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. घरात धान नव्हतं म्हणून. मी तोंड उघडलं ते तेच सांगायला. पण ती पोट्टी माझ्याकडे अशी पाहत होती की जणू ह्या एका उत्तरावर ती कुठंतरी जाणार आहे किंवा जाणार नाही. आणि मला दिसलं की खरं सांगितलं तर तिला काय कळेल: की आधी पाठवतात ती नको असलेली पोरगी. मग माझ्या तोंडून भलतंच बाहेर आलं.

मी म्हणलं, "माझी माय म्हणली, घर मोकळं आहे तंवर जा. रोवणा लागला की कोणाले सवड राहणार नाही तुले सांगाले, का पाणी कुठं अन् मीठ कुठं. आधी जाऊन पाहून ठेव. मंग कामाच्या दिवसांत तुले कोणाच्या तोंडाकडे पाहा लागणार नाही."

तिचा हात थांबला. "असं म्हणली थे?"

"हाव."

"मंग तू कच्ची होती म्हणून नाही?"

"कच्ची? आख्ख्या गावात माझ्यासारखा रोवणा कोणी करत नव्हतं." हे मात्र खरं आहे, तू नसलीस तरी कोणालाही विचार. कोण जिवंत असेल तर.

"अन् मंग काय पाहून ठेवलं?"

ते मला बनवावं लागलं नाही. कारण त्या उन्हाळ्यात घर खरंच मोकळं होतं. सासरा आणि तुझा जावई तेंदूची पानं विकत घेतात त्या फळीवर, दिवसभर पानांचे पुडे मोजत. घरात मी आणि सासू, आणि चिंचेचा ढीग. चिंच फोडता फोडता सासूनं मला सगळं घर सांगितलं. कोणत्या विहिरीचं पाणी वरण शिजवायला चांगलं, सासऱ्याला मीठ किती लागतं आणि कमी पडलं तर तो काही न बोलता ताट कसं सरकवतो, कोणती म्हैस लाथ मारते, कोणत्या जावेशी कशावरून वाकडं आहे आणि त्यात खरी चूक कोणाची. म्हणजे तिच्या मते. घरचं कुत्रं पहिले दोन दिवस माझ्यावर गुरगुरलं, तिसऱ्या दिवशी मी त्याला शिळा भात घातला. मग मृग पडला, रोवणा लागला, घरात वीस माणसांचा स्वयंपाक, पहाटेपासून चिखलात, आणि मला एकदाही विचारावं लागलं नाही की हे कुठं आणि ते कुठं. पुढच्या साली धाकटी जाऊ आली ती ऐन रोवण्यात. बिचारीला शौचाला कुठं जायचं तेही कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर पोट धरून रोवत होती, आणि संध्याकाळी बांधावर बसून जी रडली ती माझ्याच गळ्यात पडून रडली.

हे सांगताना पोट्टी हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा. मीही सांगत गेली. सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की हे सगळं मला माहीत होतं, पण तुझ्या पाठवण्याशी मी ते कधी जोडलंच नव्हतं. ते सासूच्या खात्यात जमा होतं. तुझ्या खात्यात फक्त ती पाठ होती.

संध्याकाळी बाप आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हो म्हणून कळवा. मी जाऊन राहिली."

मुलानं माझ्याकडं पाहिलं. "माय, तू काय केलं?"

"चिंच फोडली," मी म्हणलं.

गोंदिया स्टेशनावर आम्ही सगळे गेलो. सून रडली, मुलगा गाडी सुटेपर्यंत तिला हेच सांगत होता की पेटीला साखळी लाव. पाया पडली तेव्हा मी म्हणलं, "पाय पसरून बसजो, नाही तं कोणी येऊन तुझी जागा घेईन." गाडी गेली. परत येताना मुलानं भर गर्दीत एका हमालाला शिवी दिली.

आणि मग माय, तुझा खरा कारभार सुरू झाला. पोट्टी संध्याकाळी फोन करते. पहिल्या फोनवर सांगितलं, होस्टेल रिकामं आहे, नुसती आम्ही उन्हाळ्याची पोरं, आवाज केला की भिंतीतून परत येतो. दुसऱ्यांदा म्हणाली, "आजी, इथं कुत्रं नाही, पण गेटवर वॉचमन आहे. त्याच्याशी ओळख केली." मला हसू आलं. मग म्हणाली, "अखीन काय म्हणे वं तुझी माय?"

आता काय सांगू? तू तर काहीच म्हणत नव्हती. तुझं बोलणं म्हणजे उठ, आण, ठेव, सरक. पण पोट्टी वाट पाहून राहिली होती. मी म्हणलं, "माझी माय म्हणे, जेवण वाढणाऱ्या बाईशी भांडजो नोको." ते तिनं तिथल्या खोलीतल्या मुलीला सांगितलं, ती ओडिशाकडची, तिनं ते तिच्या भाषेत आणखी कोणाला सांगितलं. आठवड्यानं पोट्टी सांगते की मेसमधली बाई त्यांना आता दोनदा आमटी वाढते. मग दुसरं विचारलं, मग तिसरं. समजलं नाही तर वर्गातच विचार, माझी माय म्हणे. चप्पल दारातून आत घेऊन झोप, माझी माय म्हणे. दुसऱ्याच्या हसण्यात आपलं नाव शोधू नको, हेही तूच म्हणाली, मला नंतर नवल वाटलं की तू इतकी शहाणी कधी झाली. त्या होस्टेलात आठ-दहा राज्यांच्या पोरी आहेत, आणि त्या सगळ्या तुला ओळखतात. तू आयुष्यात देवरीच्या बाजाराच्या पुढं गेली नाही.

एकदा सुनेनं विचारलं, "आई, तुमची माय इतकं बोलायची? तुम्ही कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं?" मी म्हणलं. ती भांडी घासायला उठली. सून गरीब आहे.

पण सगळे फोन काही हसण्याचे नव्हते. महिना होत आला तेव्हा एका संध्याकाळी मुलाच्या हातात फोन होता आणि तो नुसता "हं, हं" करत होता. चेहऱ्यावरून कळलं. पोट्टीला वर्गासमोर उभं करून इंग्रजीत बोलायला लावलं होतं, स्वतःच्या गावाबद्दल. ती उभी राहिली आणि एक शब्द आला नाही. शिकवणारी बाई चांगली, बस म्हणाली, पुन्हा बोलशील म्हणाली, पण ही खोलीवर येऊन पेटी भरून बसली होती. गाडी कधीची आहे तेही पाहून ठेवलं होतं. मुलगा तिला म्हणत होता, "ये बेटा, ये, काही हरकत नाही." मी त्याच्या हातातून फोन घेतला.

तिकडं पेटीची कडी वाजत होती. मग म्हणाली, "आजी, नाही जमत वं मले. मी खरंच कच्ची आहे."

माझ्याजवळ बोलायला पुष्कळ होतं. माझी जीभ तुला माहीत आहे. पोरी, तुझ्यासाठी तुझ्या मायनं पेढे वाटले, ते आता परत मागून आणू का, असं अगदी ओठावर आलं होतं. पण मी बोलली ते असं: "मी जाऊन राहिली होती तेव्हा माझी माय दारात उभी राहून म्हणली, नाहीच जमलं तं ये वं बाई. मी दार लावून घेत नाही. कोणी हसलं तं हसू दे. पण रोवणा सुरू होऊ दे, एकडाव चिखलात उतरून पाहा, अन् मंग ये."

मला वाटलं फोन कटला.

"खरंच म्हणली होती?"

"म्हणली होती."

"मंग तू गेली होती का परत?"

"नाही."

"काऊन?"

मी म्हणलं, "काम इतकं होतं, वेळच नाही भेटला." आणि फोन मुलाकडे दिला, कारण मला खोकला आला.

पोट्टी आली नाही. पेटी पुन्हा पलंगाखाली गेली. दोन दिवसांनी ती वर्गात बोलली म्हणे, चार वाक्यं, त्यातलं एक चुकलं. आता कॉलेज उघडलं, बाकीची सगळी पोरं आली, मोठ्या शहरांतली, आपल्या गाडीतून उतरणारी. पहिल्याच दिवशी एक पोरगी जिन्यात उभी होती, हातात कागद, कोणत्या इमारतीत जायचं ते कळत नव्हतं, डोळ्यांत पाणी. हिनं तिला नेऊन सोडलं. मला सांगताना आवाजात असा तोरा होता की मी म्हणलं, "पुरे, फार झालं." पण इंग्रजीत ती अजून मागंच आहे, परवाच्या परीक्षेत कमी आले. ते तिनं स्वतः सांगितलं, रडली नाही.

आणि तिनंच हे काम दिलं. त्यांच्या बाईंनी सांगितलं आहे की घरातल्या जुन्या माणसाचं एक बोलणं घेऊन या, जे तुम्हाला उपयोगी पडलं. पोट्टी म्हणाली, "आजी, थे दाराचं वाक्य तुझ्या हातानं लिहून दे. बाबा फोटो काढून पाठवतील. तुझ्या मायचंच आहे, तूच लिही." म्हणून मी पान घेतलं होतं.

लिहीन. वेगळ्या पानावर चांगल्या अक्षरात लिहीन, वर लिहीन "माझी माय म्हणत होती", आणि पोरीला कधी सांगणार नाही. हे पान कुठं पाठवायचं नाही, तुझा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तू म्हणशील की ते तर माझ्या मनात होतंच. नको म्हणू. त्या दिवशी तू दारात उभी नव्हती, तू माझ्या पुढं चालत होती, आणि मी परत आली नाही ते कामामुळे नाही. दार उघडं असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. भावाच्या लग्नाला आली, तुझ्या मातीला आली, पण पाहुणी म्हणून आली आणि पाहुणी म्हणून गेली.

बाकीचं सगळं तुझ्या नावावर मी पोरीसाठी बनवलं, एकेक विचार करून. हे एक वाक्य मात्र मला शोधावं लागलं नाही, माय. ते एका दमात आलं, कारण ते तिच्यासाठी बनवलेलं नव्हतं. लग्नाच्या सालापासून माझ्याजवळ तयारच होतं.